मालनबाईंचे पेइंग गेस्ट

वारज्यात पिको-फॉल करणाऱ्या बायका पन्नास तरी असतील. पण साडीच्या रंगाला बरोब्बर जुळणारा दोरा हवा असेल तर बायका मालनबाईंकडेच येतात. साडी वेळेवर हवी असेल तर मात्र दुसरीकडे जातात. मालनबाईंच्या पंचांगात वार एकच, उद्या. "तुमचीच घेतलीय बघा हातात," असं त्या फोनवर सांगतात तेव्हा साडी अजून पिशवीतनं बाहेरसुद्धा आलेली नसते. पस्तीस वर्षं हे असंच चाललंय. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, ती धंद्याची बोली आहे आणि गिऱ्हाइकांनाही ती पाठ झालीय. लग्न शुक्रवारी असलं तर बायका ते मंगळवारी आहे म्हणून सांगतात. फिटंफाट.

हे एवढं पाल्हाळ अशासाठी की मालनबाईंना तोंडाला येईल ते सोयीचं बोलून वेळ मारून न्यायची सवय होती. साड्यांच्या बाबतीत त्या सवयीनं कुणाचं काही बिघडलं नाही.

नवरा पाटबंधारे खात्यात होता, तो जाऊन अठरा वर्षं झाली. मुलगी दीक्षा लोणी काळभोरला दिलेली. घर मोठं, बागायती, आणि घरात शब्द चालतो तो दीक्षाच्या सासूचा, म्हणजे आनंदीबाईंचा. या विहीणबाईंसमोर मालनबाई नेहमी पदर सावरून बसायच्या. पोरगी दिली की आईचा कणा जरा वाकतोच, त्यात नवल नाही.

आणि मग महिपतराव आले. मोजणी खात्यातनं निवृत्त. वाघोलीपासून लोहगावापर्यंत लोकांच्या जमिनी मोजण्यात हयात गेलेली, त्यामुळे माणूस सगळं मोजूनमापून करायचा. बायको वारलेली, मुलगा इंद्रजीत मस्कतला. खिडकीच्या पडद्यांना शिवण घालायची होती, तर हे गृहस्थ ग्राफच्या कागदावर नकाशा काढून घेऊन आले, मिलिमीटरसकट. मालनबाई म्हणाल्या, मी पडदे करत नाही. ते हलेनात. मग नेहमीप्रमाणे म्हणाल्या, उद्या या. तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर. परत उद्या, परत दहाला हजर. उद्या म्हटल्यावर खरंच दुसऱ्या दिवशी येणारा माणूस बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सतराव्या दिवशी पडदे झाले, तोवर चहाला साखर किती लागते तेही दोघांना कळलं होतं.

महिपतरावांनी सरळ लग्नाचं विचारलं. आडवळण हा प्रकारच त्यांच्याकडे नाही. मालनबाईंनी मान खाली घालून सांगितलं की लग्न केलं तर नवऱ्यामागं मिळणारी पेन्शन बंद होईल. हे खरं होतं. पण त्याच्या आत दुसरं खरं होतं, आणि ते लोणी काळभोरला राहत होतं. सहासष्टाव्या वर्षी सुनेच्या आईनं घरात पुरुष आणला, हे आनंदीबाईंना कोण सांगणार?

तर लग्नाशिवाय महिपतराव राहायला आले. सोसायटीत मालनबाईंनी सांगून टाकलं, पेइंग गेस्ट ठेवलेत. लोणीलाही तेच सांगितलं. गॅलरीत बसून मेथी निवडणारा, पोह्यात मीठ कमी म्हणून रुसणारा, आणि बाईंच्या वतीनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या पाण्यावरून भांडणारा पेइंग गेस्ट पुण्यानं तोवर पाहिला नव्हता. पण लोक इथले सभ्य. तोंडावर कुणी काही विचारलं नाही, आणि पाठीमागं कुणी दुसरं काही बोललं नाही. चार वर्षं छान गेली. घरात त्या त्यांना अहो म्हणायच्या आणि जिन्यात पाऊल टाकलं की साहेब.

महिपतरावांनी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. त्यांची बायको बत्तीस दिवस मशीनवर होती आणि तशीच गेली. ते रोज काचेतनं बघत होते. म्हणून समोर बसवून सांगितलं होतं, "माझ्या घशात नळी घालून मला ठेवायचं नाही. गेलो तर गेलो. हे तुम्ही सांगायचं, मला तेव्हा सांगता येणार नाही." मालनबाई तीनही वेळा बरं म्हणाल्या होत्या.

मग तो जानेवारीतला सोमवार आला. आनंदीबाई मोतीबिंदू दाखवायला शहरात आल्या होत्या आणि सकाळीच विहिणीच्या दारात उभ्या होत्या. चहा होतो न होतो तोच आतल्या खोलीत महिपतरावांना श्वास घेता येईना. चार दिवसांचा खोकला, डॉक्टरकडे उद्या जाऊ म्हणून राहिलेला. ॲम्ब्युलन्स आली, मालनबाई चढल्या, त्यांच्यामागं पिशवी सांभाळत आनंदीबाईही चढल्या. अशा वेळी विहिणीला एकटं सोडायचं नाही, हे त्यांच्या रीतीत बसत होतं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मुलगी फॉर्म भरत होती. नाव, वय, पत्ता. मग वर न बघता तिनं विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण?

आनंदीबाई अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांच्या नथीतला मोती मालनबाईंना डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होता. आणि पस्तीस वर्षांची सराईत जीभ वळली.

"घरमालकीण," मालनबाई म्हणाल्या.

मुलीनं ते लिहिलं आणि नातेवाइकाचा नंबर मागितला. मालनबाईंनी इंद्रजीतचा दिला. तेवढ्यानं सगळं ठरलं. पुढं डॉक्टर बाहेर आले की नातेवाईक कोण म्हणून हाक मारायचे, बाकावरच्या मालनबाई अर्धवट उठायच्या, आणि डॉक्टर मस्कतला फोन लावायचे. इंद्रजीत बिचारा तिकडून म्हणायचा, लागेल ते सगळं करा. मुलगा दुसरं काय म्हणणार? पहिल्याच दुपारी घशात नळी गेली.

चौथ्या दिवशी मालनबाईंना पाच मिनिटं आत सोडलं. महिपतराव शुद्धीवर होते. नळी ओढून काढू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधले होते. त्यांनी मालनबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. सावकाश, दोनदा. मोजणीवाला माणूस, चूक होऊ नये म्हणून दोनदा.

मालनबाई बाहेर आल्या तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते. आत्ता बोलायचं होतं. यांची इच्छा अशी आहे, मला तीनदा सांगितलीय, मी यांची घरमालकीण नाही. पण समोरच्या बाकावर आनंदीबाई दीक्षासोबत डबा घेऊन बसलेल्या. पोरीसमोर, तिच्या सासूसमोर, कसं आणि कुठून सुरू करायचं? उद्या बोलते, असं मालनबाईंनी ठरवलं. आणि तुम्हाला त्यांचा उद्या माहीत आहे.

अकराव्या दिवशी नळी निघाली. महिपतराव जगले. डॉक्टरांनाही फार आशा नव्हती, पण जगले. आवाज तेवढा घोगरा झाला, दारात घासणाऱ्या पत्र्यासारखा.

इथं गोष्ट संपली असती तर मालनबाई सुटल्या असत्या. पण घरी आल्यावर महिपतरावांनी मनाशी एक समजूत करून घेतली. त्यांना वाटलं, नळी घालायचा निर्णय मालनबाईंचा. आपण नको म्हणून सांगितलेलं असताना या बाईनं प्रेमापोटी ऐकलं नाही, डॉक्टरांशी भांडली आणि आपल्याला ओढून परत आणलं. बागेतल्या मंडळींना ते घोगऱ्या आवाजात सांगायचे, "माझी सूचना बाईंनी केराच्या टोपलीत टाकली. नाहीतर आज तुम्हाला माझ्याकडून बुद्धिबळात हरता आलं नसतं." मंडळी हसायची. मालनबाई तिथनं भाजी आणायला म्हणून निघून जायच्या.

खरं सांगायचं उद्या-उद्या करत पाच महिने गेले. अपराधी बाई काय करते? स्वयंपाक करते. सांज्याच्या पोळ्या, ओल्या नारळाच्या करंज्या, भाकरीवर लोण्याचा गोळा. महिपतरावांचं वजन सहा किलोनं वाढलं, पँट कमरेत बसेना. इकडं मालनबाईंचं जेवण तुटलं. मशीनवर बसलं की सुईखालची साडी सरकायची आणि त्यांना ती मान दिसायची. डावीकडे, उजवीकडे. एका बाईंची मोरपंखी पैठणी त्यांनी चक्क हिरव्या दोऱ्यानं शिवून दिली. वारज्यात तो चर्चेचा विषय झाला.

आणखी एक काटा होता, तो त्या स्वतःलाही नीट दाखवत नसत. आपण खरं बोललो असतो तर हे गेले असते. आपण खोटं बोललो म्हणून हे समोर बसून करंजी खातायत. मग पाप कशाचं लागलं, खोट्याचं की त्या हातांच्या पट्ट्यांचं? देवापुढं उभं राहून उत्तर मिळेना.

जूनमध्ये महिपतरावांनी एक कात्रण आणलं. आता म्हणे कोर्टानं सोय केलीय. आपण शुद्धीत नसलो तर काय करायचं आणि काय नाही, हे आधीच लिहून ठेवता येतं, आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्याचं नाव घालता येतं, आणि ते नाव बायकोचंच पाहिजे असं नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी, झालं. महिपतरावांचा तोंडी गोष्टीवर विश्वास कधीच नव्हता. हद्द तोंडी सांगितली की भाऊबंदकी होते, दगड रोवला पाहिजे. त्यांनी कर्वेनगरच्या एका वकीलबाईंकडून कागद तयार करवून घेतला आणि मालनबाईंना वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की माझ्या उपचारांबाबत निर्णय घेण्यासाठी मी माझ्या सहचारिणी श्रीमती मालन यांना नेमतो. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मागच्या वेळी हट्ट केलात. आता लिहून दिल्यावर तरी ऐकाल."

मालनबाईंनी कढईत नसलेली भाजी हलवली.

गुरुवारी अकराला वकीलबाईंकडे जायचं ठरलं. साक्षीदार साडेअकराला येणार होते, खात्यातला एक जुना सहकारी आणि खालच्या मजल्यावरचे बँकेतनं निवृत्त झालेले गृहस्थ. वकीलबाई तरुण, पण कामाला चोख. त्यांनी मालनबाईंना समोर बसवून विचारलं की ही जबाबदारी नुसती सहीपुरती नाही, डॉक्टर तुम्हालाच विचारतील, घरचे लोक वेगळं म्हणतील, तेव्हा तुम्हाला ठाम बोलता येईल ना?

उत्तर महिपतरावांनीच दिलं. "त्यांची काळजी करू नका. माझ्यासाठी अकरा दिवस डॉक्टरांशी भांडल्यात त्या."

वकीलबाई कौतुकानं हसल्या. मालनबाईंना ते हसू सहन झालं नाही.

"नाही भांडले," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही. काउंटरवर मी घरमालकीण सांगितलं होतं."

पंखा फिरत होता आणि टेबलावरचा कागद कोपऱ्यातनं फडफडत होता. वकीलबाईंना एकदम झेरॉक्स काढायची आठवण झाली आणि त्या बाहेर गेल्या. मग मालनबाईंनी सगळं सांगितलं, काउंटर, आनंदीबाई, मस्कतचे फोन, डबा. काही वगळलं नाही. महिपतरावांनी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि साक्षीदारांना फोन करून सांगितलं की आज येऊ नका.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते मालनबाईंनाच ठाऊक. महिपतराव भांडले नाहीत. ते भाडेकरू झाले. सकाळी उठून विचारायचे, घरमालकीणबाई, गॅलरीत बसलं तर चालेल का? स्वतःचा कप स्वतः विसळायचे. पाणी किती वाजता येतं याची चौकशी करायचे, चार वर्षं त्याच पाण्यानं आंघोळ केलेला माणूस. पाहुणे आणायचे असतील तर परवानगी लागेल का, भिंतीला खिळा ठोकलेला चालतो का. पुणेरी माणूस रागावला की शिवी देत नाही, नियम विचारतो. एरवी मालनबाईंनी त्याला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. पण आता प्रत्येक प्रश्न बरोब्बर टाक्यावर बसत होता.

रविवारी दुपारी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मी मान हलवली होती," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मग?"

"बाहेर विहीणबाई बसल्या होत्या."

"म्हणजे मी आत बांधलेला होतो," महिपतराव म्हणाले, "आणि तुम्ही बाहेर लाजत होतात."

मालनबाईंनी हो म्हटलं. मग इतके महिने गिळलेलं ते वाक्यही बाहेर पडलं, की मी बोलले असते तर आज तुम्ही नसतात.

"नसतो," ते म्हणाले. "पण ते ठरवायचं काम माझं होतं, मालनबाई. तुमचं नव्हतं, इंद्रजीतचं नव्हतं. आणि विहीणबाईंचं तर नव्हतंच."

सोमवारी मालनबाईंनी दुकानाला कुलूप घातलं, दोन बस बदलल्या आणि लोणी काळभोर गाठलं. दीक्षा दारात चकित झाली, आई फोन न करता कशी आली म्हणून. मालनबाई सरळ आनंदीबाईंच्या समोर जाऊन बसल्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून त्या शेंगा फोडत होत्या. मालनबाई म्हणाल्या, महिपतराव माझे भाडेकरू नाहीत, कधीच नव्हते. मी तुम्हाला चार वर्षं खोटं सांगितलं.

आनंदीबाईंनी शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"आवो विहीणबाई, मला मोतीबिंदू व्हता, मी आंधळी न्हवते," त्या म्हणाल्या. "त्या गाडीत तुमी त्यास्नी मोजं घालत व्हता. घालता घालता रडत व्हता. भाडेकरूच्या पायाला कोन हात लावतं?"

मालनबाईंनी विचारलं, तुम्हाला राग नाही आला?

"राग कशाचा? येकल्या बाईला सोबत लागतीच की. मला वाटलं, आता बोलतील, मंग बोलतील. त्यो डागदर येऊन नातेवाईक कोन म्हनून वरडायचा आन् तुमी खाली बघायच्या. मी म्हनलं, ही बाई का बोलंना? तुमची गोष्ट, मी मधी कशी तोंड घालू?"

म्हणजे ज्या माणसाला लाजून त्या अकरा दिवस गप्प बसल्या, तो माणूस शेजारी बसून त्या बोलायची वाट बघत होता. परतीच्या बसमध्ये मालनबाईंना हे कळलं आणि हडपसर येईपर्यंत त्यांनी तोंडावरचा पदर काढला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. निदान लाजेला काही कारण तरी राहिलं असतं.

घरी येऊन त्यांनी महिपतरावांना शब्द न् शब्द सांगितला. मोज्यांचंही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले की आता इंद्रजीतला फोन लावा. मी नाही, तुम्ही. कागदावर दोघांची नावं घालणार आहे, तुमचं आणि त्याचं. एकट्या असलात तर पुन्हा लाजाल.

चापट परवडली असती. पण मालनबाईंनी फोन लावला. इंद्रजीत आजवर त्यांच्याशी पार्सल पोचलं का आणि बाबा औषधं घेतात का, एवढंच बोलला होता. त्यांनी त्याला बाबांची इच्छा सांगितली, ती आपल्याला आधीपासून माहीत होती हेही सांगितलं, आणि आपण ती का सांगितली नाही तेही. मग त्यानं विचारलं, "काकू, बाबांना शुद्ध होती का तेव्हा? त्यांना नको होतं का?"

नाही रे, गुंगीतच होते. इतकं सोपं वाक्य होतं, जिभेवर आलंसुद्धा. पोरगं तिकडं सुखानं झोपलं असतं. मालनबाईंनी महिपतरावांकडे पाहिलं. ते खिडकीतनं बाहेर बघत होते, मदत करायच्या बेतात मुळीच नव्हते.

"होती शुद्ध," त्या म्हणाल्या. "नको म्हणून मान हलवली होती. मी पाहिली होती."

इंद्रजीत रडला. मालनबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपल्यामुळं आणखी एका माणसाच्या छातीत काटा गेला, हे त्यांना ऐकू येत होतं. पण त्या फोनवरनं उठल्या नाहीत. तो म्हणाला, माझं नाव घाला, काकू. पण पुढच्या वेळी आधी तुम्ही मला फोन करा, हॉस्पिटलनं नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा कर्वेनगर. साक्षीदार वेळेवर आले. कागदावर आता दोन नावं होती, आणि मालनबाईंचं दुसरं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि कागद परत टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी मागचाच प्रश्न विचारला, तेव्हा ठाम बोलता येईल ना? या खेपेला कुणी मधे पडलं नाही. महिपतराव पेनाची शाई उतरते का ते हातावर रेघ ओढून बघत होते.

"येईल का ते आत्ता कसं सांगू," मालनबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी आलं नव्हतं. पण ज्यांच्यासमोर लाज वाटत होती, त्यांना सांगून आलेय. आता बाकी कुणी राहिलेलं नाही."

वकीलबाईंनी महिपतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, एवढं पुरे. आणि सही केली. मोजणी खात्यातली सही, मोठी, खाली दोन रेघा. मग साक्षीदारांनी केल्या, मग शिक्का बसला.

माफ केलं का, हे महिपतरावांनी अजून सांगितलेलं नाही. मालनबाईंनी विचारलेलंही नाही. दोघं रिक्षानं घरी आली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या आणि कुठं गेला होतात दोघं म्हणून विचारलं. मालनबाई म्हणाल्या, यांच्या कामाला गेलो होतो. मग दोन पायऱ्या वर चढून मागं वळल्या आणि म्हणाल्या, अहो, सावकाश चढा, श्वास लागेल.